भक्षक कसला, घरजावई तो!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. माणसाशी नाही, एका शब्दाशी. शब्द आहे 'जीवाणूभक्षक'.

जंतूंनाही विषाणूंची लागण होते, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. या विषाणूंना १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स द'हेरेल नावाच्या गृहस्थांनी 'बॅक्टेरिओफाज' असं नाव दिलं. 'फाज' हे ग्रीक भाषेतल्या खाण्याच्या क्रियापदावरून आलेलं. आपल्या लोकांनी त्याचं इमानदारीत मराठी केलं, जीवाणूभक्षक. भाषांतर चोख आहे, तक्रार नाही. तक्रार अशी, की हा शब्द अर्धंच खरं सांगतो आणि उरलेलं अर्धं झाकून ठेवतो. त्या झाकलेल्या अर्ध्यातच माणसं मरण्याइतका ऐवज आहे.

'भक्षक' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? वाघ आणि शेळी. वाघ आला, शेळी संपली. जंतू वाईट, त्यांना खाणारा तो चांगला. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र. एवढा हिशोब मनात पक्का झाला की माणूस पुढचं ऐकतच नाही. 

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. काही फाज खरंच भक्षकासारखे वागतात. जंतूच्या अंगावर बसायचं, आपली जनुकं आत सोडायची, अर्ध्या-पाऊण तासात आत आपलीच शंभरेक पोरं तयार करायची आणि जंतूला फोडून बाहेर पडायचं. पण दुसरी एक मोठी जमात आहे, ती असलं काही करत नाही. ती आपली जनुकं जंतूच्या जनुकांत बेमालूम जोडून टाकते आणि गप बसते. जंतू जगतो, वाढतो, त्याची एकाची दोन होतात, दोनाची चार होतात, आणि प्रत्येक नव्या जंतूबरोबर हा पाहुणाही आपोआप वाढत जातो. पॅरिसच्या आंद्रे ल्वॉफ यांनी १९५० च्या आसपास हा प्रकार नीट उलगडून दाखवला, पुढे १९६५ साली त्यांना नोबेल मिळालं. आज ज्या जंतूंचा जनुकसंच वाचून झालाय, त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या पोटात असा एखादा तरी पाहुणा सापडतो.

याला भक्षक म्हणायचं? अहो, हा तर घरजावई! सासुरवाडीत राहायला आला, तिथलंच खातो, तिथलंच पितो. आणि घरजावई नुसता बसून राहतो थोडाच? (दाजी, तुमच्याबद्दल नाही हो हे. तुमचा विषय पुढे येणार आहे.) तो आल्या आल्या दाराचं कुलूप बदलतो, घराला बाहेरून नवा रंग देतो, पाटी बदलतो. माझा आजचा मुद्दा या रंगाचा आणि कुलपाचाच आहे.

रंग एवढा का महत्त्वाचा, हे आमच्या देवणीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. देवणी जातीच्या गाईबैलांचे तीन प्रकार आम्ही रंगावरनं ओळखतो. अंग पांढरं आणि तोंडाला काळं असेल तर वानेरा. अंगभर पांढरं आणि खालच्या बाजूला काळे ठिपके असतील तर बाळंक्या. पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे पट्टे असतील तर शेवरा. बाजारात उभा राहिलेला जाणता माणूस लांबूनच सांगतो कोणतं जनावर काय ते. आपलं शरीरही जंतूंना असंच ओळखतं. जंतूच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, दिसतो फक्त बाहेरचा अंगरखा. आव, विषमज्वर, हगवण करणाऱ्या पुष्कळ जंतूंना दुहेरी आवरण असतं. त्यातल्या बाहेरच्या पापुद्र्यावर साखरेच्या लांब साखळ्या उभ्या असतात, गोधडीच्या कडेला दोरे सुटलेले असावेत तशा. आपल्या रक्तातली प्रतिद्रव्यं या साखळ्यांची ठेवण लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी नेमकी तीच ठेवण शोधतात. 

समजा कुणी रातोरात वानेऱ्याचा शेवरा केला तर? बाजारातला जाणताही फसेल. जंतूंच्या जगात हे रोज होतं, आणि करतो कोण, तर आपला 'भक्षक'.

पहिला दाखला जपानचा. १९५० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की सॅल्मोनेलाच्या एका जातीला एप्सिलॉन १५ नावाच्या फाजची लागण झाली, की तिच्या अंगावरच्या साखळ्यांची ओळखच बदलते. जुनी प्रतिद्रव्यं तिला पूर्वीसारखी ओळखेनाशी होतात. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी आत डोकावून पाहिलं. फाजची जनुकं तीन कामं करत होती. साखळीची कडी जोडणारं जंतूचं स्वतःचं यंत्र बंद पाडत होती, त्या जागी कडी वेगळ्या कोनात जोडणारं आपलं यंत्र बसवत होती, आणि साखरेवर लागणारा एक छोटा रासायनिक झुबका थांबवत होती. गंमत पुढेच आहे. एप्सिलॉन १५ जंतूत शिरतो तो याच साखळ्यांना धरून. त्याने साखळी बदलली, की त्याचाच भाऊबंद त्या दारातून आत येऊ शकत नाही. म्हणजे आत शिरल्या शिरल्या कुलूप बदललं! पण नव्या कुलपाची किल्ली एप्सिलॉन ३४ नावाच्या दुसऱ्याच फाजकडे असते. तो बदललेल्या जंतूतच शिरतो, मूळच्यात नाही. आता यात कोण कुणाला खातंय ते सांगा मला.

दुसरा दाखला आपल्या जास्त जवळचा, रक्ती आवेचा. ही आव शिगेला नावाच्या जंतूने होते. तो पोटात दहा ते शंभर एवढे थोडे गेले तरी पुरतात. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आणावी लागली ते २०१६ साल आठवा. पाणी जेव्हा घागरी मोजून वापरावं लागतं, तेव्हा पहिला काट हात धुण्यावर बसतो, आणि असल्या जंतूला तेवढं निमित्त पुरे होतं. याच कुळातल्या शिगेला फ्लेक्सनेरी या जातीचे डझनाहून जास्त प्रकार आहेत. सगळे प्रकार वेगळे का? तर त्यांच्या अंगरख्याची मूळ साखळी बहुतेकांत एकच आहे, चार साखरांची. त्यावर कुठे एखादी ग्लुकोज चिकटवलेली, कुठे एखादा झुबका लावलेला. आणि हे चिकटवण्याचं काम करणारी जनुकं कुणाची? फाजची! एसएफ-२, एसएफ-५, एसएफ-एक्स, एसएफ-६ अशी त्यांची रुक्ष नावं आहेत. प्रत्येकाची चिकटवायची जागा वेगळी.

याची किंमत कोण मोजतं? तान्ही लेकरं. एका प्रकाराची आव होऊन गेली तर शरीर त्या प्रकाराला लक्षात ठेवतं, दुसऱ्या अंगरख्यातला आला की पुन्हा पहिल्यापासून. लस करणाऱ्यांचीही हीच पंचाईत. कोणत्या अंगरख्याविरुद्ध लस करायची? इतकी वर्षं झाली, तरी जगभर सर्रास वापरता येईल अशी शिगेलाची लस आजही आपल्या हातात नाही. कारणं अनेक आहेत, पण हे मोठं कारण आहे. एवढंच नाही. २००५ साली एक संशोधन आलं. त्यात दिसलं, की ही ग्लुकोज चिकटली की साखळ्या आखडतात. त्यामुळे जंतूची इंजेक्शनच्या सुईसारखी नळी आतड्याच्या पेशीपर्यंत नीट पोचते, आणि अंगरख्याचं संरक्षणही शाबूत राहतं. जावयाने रंग दिला तो नुसता शोभेचा नव्हता तर.

तिसरा दाखला अगदी साध्या, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूचा. त्यात मुक्कामाला असलेला लॅम्डा नावाचा फाज १९५१ साली एस्थर लेडरबर्ग यांना सापडला. प्रयोगशाळांतला तो अगदी लाडका विषाणू. शास्त्रज्ञांनी त्याच्यावर चाळीस वर्षं घालवली. आणि १९९० साली कळलं, की गप बसलेला असतानाही तो दोन जनुकं चालू ठेवतो, लॉम आणि बोर. (बोर म्हणजे आपली बोर नव्हे, खायचीही नाही आणि पाण्याचीही नाही.) दोन्हींची प्रथिनं जाऊन बसतात ती जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यातच. त्यातल्या बोरमुळे काय होतं? एरवी माणसाच्या रक्तद्रवात हा जंतू टिकत नाही, रक्तातली प्रथिनं त्याला भोकं पाडून मारतात. बोर असलेला जंतू मात्र बराच तग धरतो. म्हणजे ज्याला आपण भक्षक म्हणतो, तो आपल्या भक्ष्याला चिलखत घालून देतोय. जगात असा वाघ दाखवा मला, जो शेळीला चिलखत शिवून देतो!

आता घटसर्पाकडे येऊ. देवणीकडे घटसर्प म्हटलं की आधी गोठा आठवतो. जनावराचा गळा सुजतो, घरघर लागते, बघता बघता जनावर जातं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्यायची. माणसांच्या लेकरांना होतो त्यालाही घटसर्पच म्हणतात. पण नाव एक असलं तरी रोग दोन आहेत. जनावरांचा घटसर्प पाश्चुरेला नावाच्या जंतूचा. त्याची लस त्या जंतूच्या अख्ख्या देहाविरुद्ध असते, आणि आपल्या भागातल्या जातीला बी-२ म्हणतात ते तिच्या अंगरख्यावरूनच. लेकरांचा घटसर्प वेगळ्या जंतूचा, आणि त्यात मारेकरी जंतू नाहीच! १९५१ साली अमेरिकेत फ्रीमन यांनी दाखवलं, की घटसर्पाच्या निरुपद्रवी जंतूला फाजची लागण केली की त्यातून वाचलेले जंतू विष तयार करू लागतात. विषाचं जनुक फाजचं आहे. इथे जावयाने अंगरख्याला हात लावला नाही, सरळ स्वयंपाकघरच ताब्यात घेतलं. लेकराच्या घशात जो पडदा धरतो, हृदयावर जो घाव बसतो, तो या पाहुण्याच्या जनुकाचा प्रताप. 

म्हणूनच घटसर्पाची लस जंतूविरुद्ध नाही, त्या विषाविरुद्ध आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, मग दीड-दोन वर्षांच्या दरम्यान, मग पाच-सहा वर्षांना, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. इतके डोस कशाला, असं आमच्या भावकीतल्या सुनांना म्हाताऱ्या विचारतात. त्यांना सांगा, जंतू गावातून गेला असं वाटलं तरी जावई दुसऱ्या जंतूबरोबर पुन्हा येतो. डोस चुकवू नका.

आता दाजींचा विषय. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दाजींनी एक निरोप पुढे ढकलला होता. 'गंगेच्या पाण्यात जीवाणूभक्षक असतात हे इंग्रज साहेबाने १८९६ सालीच सिद्ध केले आहे. माठात एक पळी गंगाजल घाला, पाणी उकळण्याची गरज नाही.' खाली बारा नमस्कार आणि दोन कमळं. दाजी, तुमचा मान मोठा, पण हे असं सोडून चालणार नाही. घरात दोन वर्षांच्या आतली तीन लेकरं आहेत.

एक तर साहेबाने तसं सिद्ध केलेलं नाही. हॅन्किन आग्र्याला होता. त्याने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टाकले, ते लवकर मेले, आणि पाणी उकळल्यावर तो गुण गेला, एवढं त्याने नोंदवलं. जंतूंचे विषाणू ही कल्पनाच पुढे १९१५ आणि १९१७ साली आली. नंतरच्या लोकांनी मागे वळून त्याच्या पाण्यात फाज पाहिले. असतीलही. नद्यांत फाज असतातच, गंगेत असतात, मांजरेत असतात, गावच्या गटारात तर सगळ्यात जास्त असतात. मग गटाराचं पाणी पळीभर घालाल का माठात?

दुसरं, फाज फार निवडक. एका कुलपाची एकच किल्ली. पटकीच्या जंतूला धरणारा फाज आवेच्या जंतूकडे ढुंकून बघत नाही, आणि आवेचा अंगरखा बदलला की आवेचा फाजही बाहेरच उभा राहतो. 

तिसरं मात्र सगळ्यात महत्त्वाचं. पटकीने माणूस मरतो तो तिच्या विषाने. ते विष १९५९ साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवून दिलं. त्या काळी त्यांची फारशी कदर झाली नाही, हे आपलं दुर्दैव. आणि १९९६ साली वॉल्डॉर आणि मेकॅलॅनॉस या दोघांनी दाखवलं, की त्या विषाची जनुकं मुळात एका फाजची आहेत. फाज नसेल तर पटकीचा जंतू खाडीच्या पाण्यातला एक साधा जीव. फाज मुक्कामाला आला की मरीआई. आपल्याकडे पूर्वी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन पुढच्या गावाच्या शिवारात सोडायचे, तसा हा फाज विषाचा गाडा एका जंतूच्या शिवारातून दुसऱ्याच्या शिवारात ढकलत नेतो. ज्याला तुम्ही राखणदार समजून माठात घालायला निघालात, त्याच्याच जातभाईने पटकीच्या हातात सुरा दिलाय, दाजी. पाणी उकळा. नमस्कार आणि कमळं राहू द्या.

कुणी म्हणेल, 'अहो, शब्दाने एवढं काय होतं? अँटिबायोटिक थकलीत. जनावरांच्या दगडीला, माणसांच्या जखमांना औषध लागू होईना झालंय. अशा वेळी फाजचा उपचार येतोय तर येऊ द्या की, कशाला घाबरवता?' मी घाबरवत नाहीये. फाजचा उपचार हा मला आशेचाच विषय वाटतो. जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ पासून एक संस्था हेच काम करतेय. पण जे लोक हे काम जबाबदारीने करतात, ते 'भक्षक आहे, खाईल' म्हणून फाज टोचत नाहीत. आधी त्याचा सगळा जनुकसंच वाचतात. मुक्काम ठोकायची जनुकं आहेत का? विषाची आहेत का? औषधाला दाद न देण्याची आहेत का? यातलं काही सापडलं की तो फाज बाद.

लंडनमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीची गोष्ट बघा. फुप्फुसं बदलल्यानंतर तिच्या अंगभर एका चिवट जंतूचा संसर्ग पसरला, औषधं हरली. २०१८ साली तिला तीन फाज एकत्र करून देण्यात आले. एक होता दक्षिण आफ्रिकेत सडक्या वांग्यावर सापडलेला. उरलेले दोन मुळात घरजावयाच्या जातीचे होते. अमेरिकेतल्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या चमूने त्यांचं मुक्काम करवणारं जनुकच कापून काढलं, आणि मगच ते फाज मुलीला दिले. तिच्या जखमा भरू लागल्या, प्रकृती सुधारली. घरजावई होण्याची सोयच काढून घेतली, तेव्हा कुठे तो भक्षक झाला! हे कापणं का लागलं, ते 'भक्षक' या शब्दातून कुणाला तरी कळेल का?

उद्या आपल्या तालुक्याच्या दुकानात 'जीवाणूभक्षक, नैसर्गिक, दुष्परिणाम नाही' अशी चिठ्ठी लावलेली बाटली आली, तर ती कासेत सोडणारा आपलाच माणूस असेल. त्याला विचारायचा प्रश्न माहीत हवा. 'बाबा रे, यातला फाज मारका आहे की मुक्कामी? आणि त्याचा जनुकसंच कुणी वाचलाय?'

हे दोन शब्द मी मुद्दाम वापरतोय. माझं म्हणणं, 'भक्षक' आता निवृत्त करावा. सरळ 'फाज' म्हणावं, जसं आपण टेबल म्हणतो, डॉक्टर म्हणतो. आणि त्याचे प्रकार दोन. मारका फाज, मारक्या बैलासारखा, दिसला की शिंगावर घेणारा. आणि मुक्कामी फाज, मुक्कामी एसटीसारखा. रात्री गावात शांत उभी असते, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पहाटे निघते तेव्हा रिकामी जात नाही. मुक्कामी फाजही तसाच. जंतूवर संकट आलं, त्याच्या जनुकांना इजा करणारं एखादं औषध अर्धवट पोचलं, की तो जागा होतो, घर फोडतो आणि सामानसुमान घेऊन पुढच्या गावाला निघतो. दुकानातून दोन गोळ्या आणून तिसरी न घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आपल्या मराठीला घरजावई कळतो, मारका बैल कळतो, मुक्कामी गाडी कळते. इतकी समजूतदार भाषा हाताशी असताना एका ग्रीक शब्दाचं अर्धवट ओझं आपण किती दिवस वाहायचं? पुस्तकं लिहिणाऱ्यांनी विचार करावा. आणि ते करेपर्यंत, नातेवाईक मंडळी, पाणी उकळून प्या, हात धुवा, लेकरांचे डोस आणि गोठ्यातल्या जनावरांच्या लसी चुकवू नका. भक्षकाच्या भरवशावर राहू नका. त्याचं लक्ष आपल्याकडे नाहीच, त्याला त्याच्या सासुरवाडीची काळजी आहे.